भिंतीकडं तोंड करा

“मावशी, मला एकदा तिचं तोंड बघू द्या,” जयमाला म्हणाली आणि तिनं माझं मनगट धरलं.

मी तिच्या खाटेखालचं भांडं काढायला वाकले होते. आदल्या दिवशी सकाळी ती सहाव्या महिन्यातच बाळंत झाली होती. पोर पोटातच गेली होती. अशा बाईच्या अंगात त्राण नसतं, पण तिची पकड अशी होती की माझी काचेची बांगडी पिचली. तुकडा तिच्याच बोटात रुतला, तरी तिनं हात सोडला नाही.

मी म्हटलं, “बाई, डॉक्टरांचा हुकूम नाही.”

हे वाक्य माझ्या तोंडात सव्वीस वर्षं बसलेलं होतं. ते ऐकलं की बायका गप्प व्हायच्या. जयमाला झाली नाही.

“मग कुणाचा हुकूम लागतो ते सांगा. मी जाते त्यांच्याकडं.”

“आज दुपारी कमिटी बसणार आहे. ती ठरवील.”

“माझी पोर मी बघायची का नाही, ते कमिटी ठरवणार?”

पलीकडच्या खाटेशी तिची सासू बसली होती. ती म्हणाली, “गप पड गं. बघून काय मिळायचंय? मावशींना कळतं त्यातलं.” मग मला म्हणाली, “तुम्ही तुमच्या रीतीनं करा. हिचं ऐकू नका.”

मी भांडं घेऊन बाहेर आले. बोरिंगच्या पाण्याखाली हात धरला तेव्हा कळलं की मनगटाला तिच्या बोटाचं रक्त लागलेलं आहे.

मी त्या वेळी आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होते. नाव कोंडाबाई. माझ्या आईची माझ्याआधीची तीन मुलं जन्मताच गेली. म्हणून मी झाले तेव्हा मला सुपात घालून शेजारणीच्या दारात ठेवलं आणि मूठभर कोंडा देऊन परत घेतलं. सटवाईला वाटावं, ही कोंड्याच्या मोलाची पोर, हिच्याकडं काय बघायचं. तिनं बघितलं नाही आणि मी जगले. असं आई सांगायची, आणि मीही तसंच धरून चालले.

सटवाई माहीत नाही असं घर आमच्याकडं नाही. मूल झालं की पाचव्या रात्री पाट मांडायचा, त्यावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. ती येते आणि पोराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. पण जे पोर पाचवीपर्यंत पोचतच नाही त्याचं काय? ते मला दवाखान्यात लागल्यावर भागामावशीनं सांगितलं. ती माझ्या आधीची आया. म्हणायची, न लिहिलेल्या पोराला सटवाई शोधत असते. आईनं त्या पोराचं तोंड बघितलं, तर त्या नजरेच्या वाटेनं ती आईच्या कुशीत शिरते आणि पुढचं एकही मूल राहू देत नाही. म्हणून रीत अशी, की मेलेलं पोर हातात आलं की नाळ कापायच्याही आधी त्याच्या तोंडावर फडकं टाकायचं. बाईला सांगायचं, “भिंतीकडं तोंड करा.” मागच्या दारानं निघायचं, मागं वळून बघायचं नाही, आणि कंपाउंडच्या कडेला मीठ घालून मातीत ठेवायचं. हे सगळं आयानं करायचं. डॉक्टर त्यात पडत नसत, घरची माणसं तर नाहीच नाही. बाप दाराशी मान खाली घालून उभा असायचा आणि काम झालं की गुपचूप निघून जायचा.

मी रीत कधी मोडली नाही. पण त्या उन्हाळ्यात एक चूक केली. कंपाउंडकडंचा मुरूम असा तापून घट्ट झाला होता की कुदळ उडत होती. खड्डा कमरेएवढा हवा, मी हातभर खणून थांबले. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी ते गाठोडं रस्त्यावर ओढत आणलं. शाळेची वेळ होती. पोरांनी बघितलं. गावात बोंब झाली, पेपरात आलं.

आमचे मोठे डॉक्टर हर्डीकर. माणूस कडक, पण हाताखालच्यांना उघडं पाडणारा नव्हता. खड्डा कुणाचा होता ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझं नाव कुठं येऊ दिलं नाही. मला एवढंच म्हणाले, “मावशी, हे सगळं अंधारात चाललंय म्हणून असं होतं. आपण याचा नियम करू.”

नियम करायची गरज आणखीही एका कारणानं होती. दवाखान्याच्या कचऱ्याचं काय करायचं त्याचे नवे कायदे तेव्हा वरून आले होते. रंगीत पिशव्या आल्या होत्या. सात महिन्यांच्या आत गेलेला जीव कापलेल्या अवयवांबरोबर पिवळ्या पिशवीत घालून जाळायचा, असं एकजण सांगे. दुसरा म्हणे, तसं काही नाही, घरच्यांना द्या. पालिकेनं सांगितलं, गावातल्या जाणत्यांना बोलवा आणि आपल्या दवाखान्यापुरतं ठरवा. म्हणून कमिटी. आणि तिचा निर्णय होईपर्यंत कुणाला काही द्यायचं नाही, म्हणून जयमालाची पोर शवागाराच्या थंड पेटीत.

डॉक्टर, टोणपे गुरुजी, दस्तगीर मौलाना, लिहायला बाबर क्लार्क, आणि ‘अनुभवी कर्मचारी’ म्हणून मी. दुपारी तीनला डॉक्टरांच्या खोलीत बसलो. ती खोली मी रोज पुसत होते, पण तिथल्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले. बाबरनं चहा आणला आणि सवयीनं माझ्यासमोरचा कप उचलून गुरुजींना देऊ लागला. गुरुजी म्हणाले, “त्यांचा तो. मला दुसरा आण.”

टोणपे गुरुजी गावातले मोठे भिक्षुक. आवाज मऊ, घाई कसली नाही. त्यांनी शास्त्रात कसं आहे ते सांगितलं. चार महिन्यांच्या आतला तो गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यातला तो गर्भपात. आईला जितके महिने तितके दिवस सोयर, बापाला नुसती आंघोळ. अग्नी द्यायचा नाही, श्राद्ध नाही, पिंड नाही. सातव्यानंतर मात्र वेगळं. दस्तगीर मौलाना मशिदीशेजारच्या मदरशात शिकवत. ते म्हणाले, चार महिन्यांनी, नीट मोजून एकशेवीस दिवसांनी, गर्भात रूह येते. मग तो माणूस. हात-पाय घडले असतील तर पांढऱ्या कपड्यात गुंडाळून दफन करायचं. त्याला कचरा म्हणणं गुन्हा आहे.

दोघे भांडले नाहीत. एकमेकांचं ऐकून घेत होते, मध्येच एखादी गोष्ट पुन्हा विचारत होते. घडाघडा बोलत होते ते डॉक्टर. त्यांना देवाधर्माचा कंटाळा होता आणि ते लपवत नसत. दवाखान्यात नारळ फोडायचीसुद्धा त्यांची बंदी होती. ते म्हणाले, “तुमचे चार महिने आणि तुमचे सात. मी कुणाचे धरू? बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी उभं राहून जात विचारू? हा दवाखाना सगळ्यांचा आहे. नियमाचं कारण असं पाहिजे, की ज्याचा देवावर विश्वास नाही त्यालाही ते पटेल. मला देवाशिवायचं कारण द्या.”

मौलाना म्हणाले, “द्यायला हरकत नाही, साहेब. पण बाबर लिहितायत त्या कागदात कचरा हा शब्द आहे, तो कुठल्या शास्त्रातला? त्याला तुम्ही कारण विचारलंत का?”

डॉक्टरांनी बाबरला ‘कचरा’ खोडायला सांगितलं.

तासाभरात पहिली गोष्ट ठरली. पिशवी नाही, जाळणं नाही. स्मशानाच्या अलीकडं पालिकेची मोकळी जागा होती, तिथं मातीत ठेवायचं, खड्डा कमरेएवढा. खड्ड्याचं बोलताना डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. घरच्यांना यायचं असेल त्यांनी यावं, आपापला मंत्र किंवा दुवा म्हणावी.

राहिली दुसरी गोष्ट. आईला दाखवायचं का?

यावर गुरुजी म्हणाले, शास्त्र काही बोलत नाही. मौलाना म्हणाले, मनाई नाही, हुकूमही नाही. मग डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

“मावशी, तुम्ही बोला. या खोलीत हे काम केलेलं माणूस तुम्ही एकट्याच.”

सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या मनात उत्तर तयार होतं: सटवाई. पण ते कसं बोलायचं? डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं होतं, देवाशिवायचं कारण. गुरुजींच्या मागं पोथी होती, मौलानांच्या मागं किताब होती, आणि त्यांचंसुद्धा डॉक्टरांनी बाजूला ठेवलं होतं. माझ्या मागं होती भागामावशी. मी सटवाईचं नाव घेतलं असतं तर बाबर तोंडावर वही धरून हसला असता. आणि मला त्या खुर्चीत शोभायचं होतं. खरं सांगायचं तर एवढंच होतं.

मी म्हटलं, “दाखवू नये, साहेब. मी सव्वीस वर्षं बघतेय. ज्या बाया तोंड बघतात त्यांच्या डोक्यावर परिणाम होतो. जेवण तुटतं, झोप तुटते. नाही बघितलं तर चार दिवसांत विसरतात आणि कामाला लागतात.”

डॉक्टरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “याला म्हणतात कारण,” ते म्हणाले. बाबरला म्हणाले, नीट लिही, यांच्या नावानं लिही. गुरुजींनी मान हलवली. मौलाना म्हणाले, बाईंना माहीत असणार. मी चहा प्याले. गार झाला होता, तरी गोड लागला.

संध्याकाळी ड्यूटी संपवून निघताना मी वॉर्डातून गेले. जायची गरज नव्हती. जयमाला भिंतीला टेकून बसली होती. सासू डबा आणायला गेली होती. मी सांगितलं, नाही म्हणून ठरलं. उद्या कागदावर सह्या झाल्या की मातीत ठेवू. तुझ्या नवऱ्याला यायचं असेल तर येऊ दे.

ती आरडाओरडा करील असं मला वाटलं होतं. तिनं तसं काही केलं नाही. ती म्हणाली, “तुम्ही तरी बघितलंय ना, मावशी? कशी आहे? केस आहेत का तिला?”

मी म्हटलं, “चांगली आहे. झोपल्यासारखी दिसते.”

आणि तिथून निघाले.

दवाखान्याच्या फाटकाशी आल्यावर मला आईची आठवण झाली. आई सत्तरीत गेली. शेवटचे आठ-दहा दिवस ती मला ओळखत नव्हती. मला शेजारीण समजून एकच विचारत राहायची, माझी पहिली तीन कशी होती गं दिसायला? तू होतीस ना तिथं, कुणावर गेली होती? मी म्हणायचे, चांगली होती, झोप. ती ऐकायची नाही. माझ्या नावाची गोष्ट सांगण्यापलीकडं चाळीस वर्षांत तिनं त्या तिघांचं नाव कधी काढलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, विसरली.

दुसऱ्या दिवशी दहाला बाबर कागद घेऊन व्हरांड्यात आला. डॉक्टर, गुरुजी आणि मौलाना आत बसले होते. तिघांच्या सह्या झाल्या होत्या.

“बोला मावशी, शाईचं पॅड आणू का पेन?” तो म्हणाला. ही त्याची नेहमीची चेष्टा. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकले होते, तेव्हापासून पगाराच्या दिवशी तो हेच विचारायचा. मी पहिली पाटी वाचली ती दवाखान्याच्या जिन्यातली. ‘येथे थुंकू नये.’ तिच्या खालच्या पिचकाऱ्या मी किती वर्षं पुसत होते, आणि वर काय लिहिलंय ते मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, “पेन आण. आणि आधी वाचू दे.”

“अहो, कालचंच आहे. तुम्हीच बोललात ते.”

“म्हणूनच वाचते.”

मी बाकावर बसले. मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून, ओठ हलवत वाचते. माती, जागा, खड्डा, सगळं नीट होतं. मग माझं नाव आलं. छापल्यासारख्या अक्षरात माझं पूर्ण नाव, बापाच्या आडनावासकट. त्यापुढं लिहिलं होतं, ‘यांच्या सव्वीस वर्षांच्या प्रत्यक्ष अनुभवानुसार, मृत अर्भक पाहिल्याने मातेच्या मानसिक स्वास्थ्यावर विपरीत परिणाम होत असल्याने, मातेस अर्भक दाखवू नये.’

‘प्रत्यक्ष’वर मी अडले. जोडाक्षरं मला जड जातात. प्र, त्य, क्ष. तीन वेळा वाचलं तेव्हा जुळलं. आमच्या वर्गाच्या बाईंनी शिकवलं होतं, प्रत्यक्ष म्हणजे आपल्या डोळ्यांनी.

माझ्या डोळ्यांनी मी काय बघितलं होतं? बोललेलं असतं तर गेलं असतं. काल तोंडातून निघालं तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आज ते कागदावर होतं, आणि खाली सहीची जागा मोकळी होती. मी मेल्यावरही ते तिथंच राहणार होतं. माझ्यानंतर येणारी आया ते वाचणार होती. तिला कदाचित माझ्यासारखं अडखळायला होणार नव्हतं. ती एका दमात वाचणार आणि बाईला म्हणणार, भिंतीकडं तोंड करा.

मी कागद घेऊन आत गेले. बाबर मागं “काय झालं, काय झालं” करत आला.

मी उभ्यानंच म्हटलं, “साहेब, हे खोटं आहे.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “कुठलं?”

“माझ्या नावापुढचं.”

“तुम्ही काल जे सांगितलंत तेच लिहिलंय. शब्द जरा बदलले असतील.”

“शब्द बरोबर आहेत. मी खोटं बोलले.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मावशी, नीट सांगा. किती बायकांनी बघितलं आणि किती जणींना त्रास झाला?”

“एकीनंही बघितलं नाही, साहेब. मी कुणाला बघूच दिलं नाही.”

“मग डॉक्टरांचा हुकूम आहे असं तुम्ही बायकांना सांगता, ते?”

ते त्यांच्या कानावर होतं, हे मला तेव्हा कळलं. “असा हुकूम तुम्ही कधी दिला नाहीत. तुमच्या आधीच्यांनीही नाही. आम्हीच सांगायचो.”

“का?”

मग मी सांगितलं. पाचवीचा कोरा कागद, न लिहिलेलं पोर, नजरेची वाट, सगळं. मला वाटलं होतं तसा बाबर हसला नाही. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मी संपवल्यावर ते म्हणाले, “बाई, पूजा आमच्याकडंही करतात. पण हे नजरेचं कुठल्या पोथीत नाही.”

“पोथीत नसेल, गुरुजी. भागामावशीनं सांगितलं होतं.”

डॉक्टरांचा आवाज चढला नाही, पण कान लाल झाले. “म्हणजे मी दोन दिवस धर्माला दाराबाहेर ठेवतोय आणि माझ्याच कागदात सटवाई बसलीय. मानसिक स्वास्थ्याचं नाव लावून.”

मौलाना इतका वेळ बोटातली तसबीहची माळ फिरवत होते. ती थांबवून ते म्हणाले, “साहेब, रागावू नका. काल तुम्ही म्हणालात, देवाशिवायचं कारण द्या. बाईंनी दिलं. आपण तिघांनी ते बघितलंसुद्धा नाही आणि सह्या केल्या. आज त्या देवीचं नाव घेऊन बोलल्या, तर आपण विचारतोय तरी, की हे धरायचं की सोडायचं.”

डॉक्टर खिडकीतून बाहेर धुतलेल्या चादरी वाळत होत्या तिकडं बघत राहिले. मग त्यांनी कागद ओढून घेतला आणि माझ्या नावापासूनची ओळ एका रेघेत खोडली. बाबरला सांगितलं नाही, स्वतः खोडली.

“सटवाईसाठी मी नियम करणार नाही, मावशी.”

“नका करू. मी मागत नाही.”

“मग काय लिहू?”

“आईला विचारावं असं लिहा. हो म्हणाली तर दाखवावं. नको म्हणाली तर बळं करू नये.”

ते लिहायला वाकले. लिहिता लिहिता थांबले आणि मान वर न करता म्हणाले, “आणि तुमची भीती? ती गेली का?”

“नाही, साहेब. भीती आहेच. पण ती माझी आहे. तिच्या कपाळी कशाला?”

त्यांनी नवीन ओळ लिहिली आणि कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला. मी ती बोट ठेवून वाचली. कुणी घाई केली नाही. मग सही केली. ‘डा’चा काना लांबला, तो रेघेखाली गेला.

थंड पेटीतून गाठोडं मी आणलं. बायकांच्या वॉर्डात मेलेलं पोर मागच्या दारानं बाहेर जातं, आत येत नाही. मी पुढच्या दारानं, सगळ्या खाटांमधून आत घेऊन गेले. बाया उठून बसल्या. जयमालाच्या सासूनं मला येताना बघितलं आणि ती काही न बोलता भिंतीकडं तोंड करून बसली.

मी खाटेच्या कडेला टेकले. फडक्याच्या गाठीला हात लावला आणि हात थांबला. जयमालाला वाटलं मी तिच्यासाठी थांबलेय. ती म्हणाली, “सोडा, मावशी. मी घट्ट आहे.”

तिला मी सांगितलं नाही, की मलाही माहीत नव्हतं आत काय आहे. इतकी वर्षं नजर वळवून फडकं आधी टाकायचे मी. एवढी गाठोडी या हातांनी नेली, त्यातलं एकही तोंड मी बघितलेलं नव्हतं.

गाठ सोडली.

मुठीएवढं तोंड होतं. कातडी पातळ, काळसर लाल. कपाळावर बारीक लव होती. केस होते, ओले असल्यासारखे चिकटलेले. डोळे मिटलेले. एक कान दुमडलेला होता, दुसरा नीट. हाताची बोटं आखडलेली, आणि त्यावर नखं होती, तांदळाच्या कणीएवढी. मला वाटलं नव्हतं की नखं असतील.

जयमाला रडली नाही. तिनं दुमडलेला कान एका बोटानं सरळ केला. तो पुन्हा दुमडला. ती म्हणाली, “हा आमच्या आण्णांचा. त्यांचा अस्साच आहे.” मग बराच वेळ बघत राहिली. नवरा दाराशी होता, त्याला तिनं मानेनं आत बोलावलं. तो आला, खाली बसला, आणि खाटेच्या लोखंडी पट्टीवर कपाळ टेकून रडू लागला. कितीतरी वेळानं तिनं आपल्या पदराचं टोक घेऊन पोरीचं तोंड झाकलं. स्वतःच्या हातानं.

“न्या आता,” ती म्हणाली.

खड्डा तिच्या नवऱ्यानं खणला. गवंड्याच्या हाताखालचा माणूस, त्याला कुदळ माहीत होती. कमरेएवढा झाला तरी तो खणतच होता, मी थांबवला. मीठ मी घातलं.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं होतील. जयमालाला पुढं मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, सासू बोलून बोलून गेली. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, पोरीचं तोंड बघितलं, भोगतेय. ते माझ्या कानावर यायचं. दर वेळी आलं की मला तो दुमडलेला कान दिसायचा. रिटायर झाल्यावरही ते सुटलं नाही. दवाखान्यात तो नियम अजून चालतो म्हणे. भिंतीवर टांगलेला आहे. मी तो बघायला कधी गेले नाही.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या शिबिरात ती मला भेटली. रांगेत मागून कुणी हाक मारली, मावशी. केस पांढरे झालेत तिचे. अंगणवाडीत मदतनीस आहे. तिनं मला बाकावर बसवलं, स्वतः नंबर धरून उभी राहिली. मग पाणी आणलं. मी पाणी प्याले आणि इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं.

“जयमाला, तुला दाखवायला नको होतं का गं? लोक म्हणतात, त्यामुळंच तुला मूल झालं नाही.”

ती माझ्याजवळ बसली. रांग पुढं सरकली तरी उठली नाही.

“लोकांना काय माहीत, मावशी?” ती म्हणाली. “मला मूल झालं होतं. तुम्ही आणि मी बघितलंय.”